दुसरा पर्याय नसल्यास

रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून सरकारी आरोग्य प्रयोगशाळेत रुजू झाले, तेव्हा वाटलं होतं की वाट्याला एखादं मंद गुरगुरणारं यंत्र येईल, जे पडद्यावर डोंगररांगा काढील आणि आपण त्यांच्याकडे जाणकार नजरेने पाहत राहू. वाट्याला आली एक ब्युरेट, तिच्याखाली ठेवायची एक पांढरी टाइल आणि बाटल्या. वऱ्हाडातल्या त्या जिल्ह्याच्या ठिकाणी रोज सकाळी गावंच्या गावं लिटरभर होऊन आमच्या दाराशी येत. काही रीतसर पांढऱ्या कॅनमधून, काही काल संध्याकाळपर्यंत संत्र्याचं सरबत किंवा त्याहून तेजस्वी काही पोटात बाळगून असलेल्या बाटल्यांतून. लेबलावर गावाचं नाव, विहीर की बोअर, आणि तारीख. तीही एखाद्या बाटलीवर इतकी ओघळलेली असे, की गाव रडत रडत आल्यासारखं वाटावं. त्यातल्या एकाही गावात मी पाऊल ठेवलेलं नव्हतं. पण कुठल्या गावाची डाळ शिजत नाही आणि कुठल्या गावात साबणाला फेस येत नाही, हे मला घरबसल्या कळू लागलं. माणसं ओळखीची होण्याआधी त्यांचं पाणी ओळखीचं व्हावं, हा मोठा विचित्र शेजार.

मी कोकणातली. आमच्या विहिरीचं पाणी इतकं मऊ, की अंगाला लावलेला साबण तीन तांब्यांनीही निघायचा नाही. पाहुणे बुळबुळीत होऊन न्हाणीघरातून बाहेर येत आणि पाण्याला नावं ठेवत. पूर्णेच्या खोऱ्यातला, अकोला, अमरावती, बुलढाण्यातून पसरलेला खारपाणपट्टा मला फक्त भूगोलाच्या तासाला भेटलेला. तो प्रत्यक्ष भेटला पहिल्याच आठवड्यात. पाण्यातलं क्लोराईड मोजायची आमची पद्धत मोर नावाच्या जर्मन गृहस्थाची, १८५६ची. कोब्लेन्झच्या या औषधविक्याच्या मुलाने ब्युरेटही सुधारली. पाण्यात पिवळं पोटॅशियम क्रोमेट घालायचं, वरून सिल्व्हर नायट्रेटचा थेंब थेंब सोडायचा आणि खालचा कॉनिकल फ्लास्क हलवत राहायचा. आधी दह्याच्या निवळीसारखं गढूळतं. मग क्लोराईड संपलं की एका थेंबासरशी, खरं तर अर्ध्याच, पिवळ्यावर विटकरी छटा चढते. तिथे हात थांबला पाहिजे. मी त्या पाण्यात थेंब सोडत गेले, सोडत गेले, पन्नास मिलिलिटरची ब्युरेट तळाशी गेली, पुन्हा भरली, तीही निम्मी झाली. पाणी आपलं पिवळंच. शेवटी मागून आमचे वरिष्ठ म्हणाले, "मॅडम, चांदी आहे ती. पूर्णाकाठचं पाणी आधी दहापट पातळ करायचं असतं." सरकारची चांदी एका विहिरीत ओतल्याचा तो अपराध मला कितीतरी दिवस पुरला.

चांदीची दुसरी गंमत नंतर कळते. सिल्व्हर नायट्रेट बोटांवर पडतं तेव्हा निरागस पाण्यासारखं असतं. ऊन लागलं की काळंभोर होतं, आणि मग साबण, लिंबू, चिंच, देव, कुणीही ते काढू शकत नाही. कातडी आपल्या सवडीने झडेल तेव्हा ते जाणार. बाकीच्या बायका बोटांत चांदी घालतात. माझ्या बोटांत ती आतून उगवलेली. त्याच अवस्थेत मी सुट्टीवर घरी गेले, आणि आईने दुसऱ्याच दिवशी पाहुणे बोलावले होते. रात्री माझ्या बोटांकडे बघून तिने कपाळाला हात लावला आणि मेंदी भिजवली. मेंदी छान रंगली; पण लालसर बोटांवर काळे ठिपके अधिकच उठून दिसू लागले, मोजून घ्यावेत असे. पोहे देताना मुलाच्या आत्याने विचारलंच, "हे हाताला काय?" आई घाईने म्हणाली, "सरकारी आहे ते." जणू डागांनाही पेन्शन होती. आठवड्याने मध्यस्थांकडून निरोप आला: मुलगी चांगली आहे, दुसरीकडे कुठे जमलं नाही तर कळवू.

आईला राग आला. मला हसू आलं, कारण हे वाक्य मी ओळखत होते. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्याच्या तक्त्यात बऱ्याच घटकांपुढे दोन आकडे असतात. क्लोराईड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा पर्याय नसल्यास १००० पर्यंत चालेल. कठीणपणा २०० असावा. दुसरा पर्याय नसल्यास ६००. इतक्या कोरड्या कागदावर इतकं संसारी वाक्य कुणी लिहिलं असेल, याचं मला आजही कुतूहल आहे. त्या माणसाने आयुष्यात नक्कीच पुष्कळ तडजोडी पाहिल्या असणार. (नायट्रेटच्या बाबतीत मात्र तो ठाम आहे: ४५, पुढे पर्याय असो वा नसो. प्रत्येकाचा एखादा मुद्दा असतोच.) या दोन आकड्यांच्या मधल्या पट्टीत किती गावं आयुष्य काढतात! आणि मी, जिच्याबद्दल नुकताच तसाच निकाल लागला होता, त्यांच्या अहवालांवर सही करत होते.

आमच्याकडे एक जलसुरक्षक यायचे. साठीच्या पुढचे, टोपी, खांद्याला नायलॉनची पिशवी. दारातूनच विचारत, "मॅडम, पानी पास झालं का?" त्यांचं पाणी पास होत नसे; क्लोराईड दुसऱ्या आकड्याच्याही पलीकडे. तसं सांगितलं की नापास मुलाच्या बापासारखे टोपी काढून पुन्हा घालत. एकदा त्यांच्या बाटलीत क्लोराईड निघालं अवघं तीस. मी पुन्हा केलं. तीसच. पूर्णेने रातोरात स्वभाव बदलला असता तरी इतका नाही.

"काका, हे पाणी कुठलं?"

"आमच्याच गावचं." मग टाइलकडे बघत, "पाहुन्याच्या गावचं हाये."

"काहून?" एवढा एक शब्द मी तोवर शिकले होते.

"पोरायले कोनी पोरी देत न्हाई, मॅडम. येतात, घोटभर पानी पेतात, अन् उठून जातात. म्हटलं, शिक्क्याचा एक कागद चांगला आला तं दाखवता येईल."

काय बोलावं ते मला सुचेना. मी माझी बोटं एप्रनच्या खिशात घातली. त्यांनीच मग पिशवीत हात घालून दुसरी बाटली काढली. ती त्यांनी सोबत आणलेलीच होती. "हे खरं," म्हणाले आणि टेबलावर ठेवली, अगदी हळू, झोपलेलं पोर ठेवावं तशी.

मी दहापट पातळ केलं. क्रोमेट घातलं. ते एरवी बाहेरच्या बाकावर बसत. त्या दिवशी माझ्या शेजारी उभे राहिले, हात मागे बांधून. थेंब पडत होते, मी कॉनिकल फिरवत होते, आणि पाणी आपलं पिवळंच राहत होतं. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मग एक थेंब ब्युरेटच्या टोकाला अर्धाच लोंबला, मी तो काचेला टेकवून आत घेतला, आणि विटकरी छटा तळापासून वर चढली.

काका वाकले, टाइलच्या पांढऱ्यावर तो रंग नीट न्याहाळला.

"रंग तं मस्त आला, मॅडम," म्हणाले. "मेंदीवानी."