सव्वातीन समृद्धी

अंदमान किती लांब, असं कुणीही विचारलं की काका सांगायचे, "सव्वातीन समृद्धी." मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. तो पुरता खुला झाल्यावर काकांनी इगतपुरीत एक चहा घेऊन गाडी थेट नागपूरला नेली. तेव्हापासून पृथ्वीवरचं कुठलंही अंतर ते याच मापानं मोजतात. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, मुंबईहून सरळ रेषेत 2,300 किलोमीटरच्या आसपास. हिशेब चोख होता.

चेन्नईला विमान बदललं. पुढचे जवळपास 1,370 किलोमीटर नुसतं पाणी. "दोन समृद्धींना जरा कमी, आणि मध्ये एक टोलनाका नाही!" काका खूश. जहाजाला इथे तीनेक दिवस लागतात, विमानाला दोन तासांहून थोडं जास्त. तेवढ्या वेळात काकूंनी डबा उघडला. लसणीच्या चटणीचा वास पुढच्या तीन रांगांत पोचला, तशी एक अनोळखी मान वळली. काकूंनी तिच्या हातावर अर्धा धपाटा ठेवला. विमान कंपनीचं सँडविच शेजारी तसंच पडून होतं. त्याची दया यावी असा त्याचा चेहरा होता.

काका नकाशात बुडालेले. "अरे, पोर्ट ब्लेअरहून रंगून फक्त एक समृद्धी! फुकेतही तेवढंच. चेन्नई मात्र दुप्पट. मग हे आपलं कसं?" मी म्हटलं, "काका, इंदिरा पॉइंटहून सुमात्रा दीडशेच किलोमीटरवर आहे." काकांनी चष्मा पुसला. पाव समृद्धीही भरेना, या आकड्यानं ते जरा दुखावलेच.

सेल्युलर जेलमध्ये मात्र माप खिशात गेलं. 'महाराजा' जहाजानं मद्रासहून सावरकरांना 4 जुलै 1911 रोजी इथे उतरवलं. त्यांच्या कोठडीपुढे काका बराच वेळ गप्प होते. घराण्यात हे प्रथमच घडत होतं.

खरी फजिती संध्याकाळची. महिना डिसेंबरचा. हॉटेलवर चहा येतोय तोच बाहेर अंधारलं. घड्याळात पाच! काकूंनी लगबगीनं देवाची तसबीर काढून निरांजन लावलं, शुभंकरोती म्हटलं आणि सुनेला फोन केला. "दिवा लावलास का गं?" पलीकडून डोंबिवली म्हणाली, "आई, इथे अजून ऊन आहे."

मुंबई आणि पोर्ट ब्लेअरमध्ये जवळपास वीस रेखांशांचं अंतर. दर अंशाला चार मिनिटं धरली, तर सूर्य ऐंशी मिनिटं आधी हजर होणार आणि आधीच निघूनही जाणार. घड्याळ मात्र दोन्हीकडे मिर्झापूरजवळच्या रेखांशावरचं. काकांना हे पटलं, पण पोटाला पटेना. अंधार झाला म्हणून सातलाच जेवले आणि साडेनऊला बाकरवडीचं पाकीट शोधू लागले.

"काका, झोपा आता," सहल व्यवस्थापक दारातून म्हणाला. "सकाळी स्वराज द्वीपची फेरी आहे. साडेचारला उठायचंय."

काकांनी बाकरवडी खाली ठेवली. "साडेचार म्हणजे घड्याळातले, की डोंबिवलीच्या उन्हाचे?"