संशयी सर

सातारा-सांगली पट्ट्यात अभियांत्रिकी महाविद्यालयांना तोटा नाही. सांगलीचं वालचंद १९४७ चं, कराडचं शासकीय १९६० चं. वालचंदच्या विद्यार्थ्यांचा तर लिनक्स युजर्स ग्रुपही आहे. अशा कुठल्याही कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागात एक गृहस्थ हमखास असतात. पगारपत्रकावर लॅब असिस्टंट, मुलांच्या तोंडी ‘संशयी सर’. कुणी लॅपटॉप घेऊन दारात आलं, की नमस्कार घेण्याआधी त्यांची नजर केबलकडे जाते. सर कुणावर विश्वास ठेवत नाहीत, ही तक्रार खरीच आहे. माझं म्हणणं एवढंच, की सर ज्या विद्येच्या नादी लागलेत ती दिसेल त्याच्यावर विश्वास ठेवते. तेव्हा दोघांतल्या एकाला संशयी होणं भागच आहे.

ही विद्या म्हणजे नेटवर्कवरून बूट करून सर्व्हरवर लिनक्स चढवणं. इंटेलने १९९९ साली पीएक्सईचा २.१ हा आराखडा काढला, त्यावर आजही हा कारभार चालतो. कोऱ्या डिस्कचा सर्व्हर चालू केला की त्याचं नेटवर्क कार्ड साऱ्या नेटवर्कला हाक मारतं: मला पत्ता द्या. डीएचसीपी पत्ता देतो आणि बूट फाइल कुठे आहे तेही सांगतो. मग टीएफटीपीवरून ती फाइल ५१२ बाइटच्या घासांनी येते. ना युजरनेम, ना पासवर्ड. पुढे कर्नल, इन्स्टॉलर आणि शेवटी उत्तरांची फाइल, जिच्यात कुठली डिस्क पुसायची तेसुद्धा लिहिलेलं असतं. साताऱ्याकडच्या गावात नुसता पत्ता विचारला तरी आधी ‘कुठलं गाव? कुणाकडं आलाय? आडनाव काय?’ एवढं पार पडल्याशिवाय हात वर करून कुणी रस्ता दाखवत नाही. यंत्राला ही रीत ठाऊक नाही. एखाद्या प्राध्यापकाने घरचा जुना वायफाय राउटर आणून केबिनमधल्या पॉइंटला जोडला, की तोही हौसेने पत्ते वाटू लागतो, आणि सर्व्हरच्या पडद्यावर पीएक्सई-ई५३ उमटतं: बूट फाइलचं नाव मिळालं नाही. सर अशा वेळी सर्व्हरकडे बघतही नाहीत. ते थेट केबिनांच्या रांगेकडे निघतात.

यावर कुणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला, पेनड्राइव्ह आहे की! एकाच सर्व्हरपुरतं हे बरोबर आहे, आणि सरांनाही ते ठाऊक आहे; कबूल करायचे नाहीत एवढंच. पण लॅबभर मशीन असल्या की पेनड्राइव्ह या हातातून त्या हातात जातो, कुणाच्या तरी घरी मुक्काम करतो आणि इन्स्टॉलरच्या जागी मामाच्या लग्नाचे फोटो घेऊन परततो. दुसरा आक्षेप जरा शिकलेला: हल्ली सिक्युअर बूट आहे, मग भीती कसली? सिक्युअर बूट बूटलोडरची आणि कर्नलची सही तपासतो. उत्तरांच्या फाइलवर सही मागत नाही, आणि डिस्क तर तीच पुसते. शिवाय बूटच्या क्रमात नेटवर्क पहिलं राहिलं, तर इन्स्टॉल संपवून मशीन रीस्टार्ट होते आणि पुन्हा पहिल्यापासून इन्स्टॉल व्हायला लागते. म्हणून सरांच्या मेनूत न विचारता चालणारा पर्याय एकच, आपापल्या डिस्कवरून बूट. इन्स्टॉलचा मान फक्त ज्यांचे मॅक अॅड्रेस यादीत आहेत त्यांना. स्विचचं पोर्ट सुरुवातीला तीसेक सेकंद गप्प बसतं आणि तेवढ्यात कार्ड कंटाळतं, हेही त्यांनी ताडून सेटिंग बदलून ठेवलेलं असतं. याला स्वभावदोष म्हणायचं असेल, तर बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या ठेवणाऱ्यालाही म्हणावं लागेल.

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. ती मॅक अॅड्रेसची यादी आणि सगळी सेटिंगं सरांच्या एका डायरीत असतात, आणि डायरी सरांच्या कपाटात. पौषात ते पालच्या खंडोबाच्या यात्रेला गेले, की नवा सर्व्हर खोक्यातच पडून राहतो. विभागप्रमुख फोन लावतात, यात्रेच्या गलक्यातून सर तो उचलतात, आणि साहेबांचा आवाज स्वच्छ ओळखूनही आधी विचारतात, ‘कोण बोलतंय?’