पायांचं लोणचं

चायनीजच्या गाडीवर मिरच्या ज्यात पोहत असतात, त्या व्हिनेगरला हल्ली बढती मिळाली आहे. ते थेट पाय बुडवायच्या टबात पोचलंय. चिखल्या झाल्या? व्हिनेगर. मोज्यांना वास? व्हिनेगर. भेगा, कुरूप, पिवळं पडलेलं नख? व्हिनेगर. एवढी खाती एकाच मंत्र्याकडे दिली असती तर मित्रपक्ष रुसले असते.

त्यातही वाण्याकडची पांढरी बाटली चालत नाही. स्वस्त आहे ना! सफरचंदाचं हवं, तळाशी गढूळ साका असलेलं. दोन्हींत काम करणारं अ‍ॅसेटिक आम्ल तेच, हे तळपायाला कळतं. पाकिटाला कळत नाही.

आता थोडा न्याय. पायाला वास येतो तो घामावर पोसलेल्या जिवाणूंमुळे आणि आम्ल त्यांना मानवत नाही. भरपूर पाणी घालून पातळ केलेल्या व्हिनेगरनं वास कमी होऊ शकतो. पण चिखल्या होतात त्या बेचक्या ओल्या राहिल्यानं. त्यावर आपला उपाय काय, तर अर्धा तास पाय पाण्यात! वर तेच ओले पाय स्लिपरमध्ये. ‘टॉवेलनं बेचक्या कोरड्या करा’ हा मेसेज मात्र कुणी पुढे ढकलत नाही. त्यात विकण्यासारखं काही नसतं. नखातली बुरशी तर नखाच्या आड बसलेली असते. अंगठ्याचं नख नव्यानं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. ती टबाला काय भीक घालणार?

खरा घोळ मधुमेहाचा. आयसीएमआरच्या २०२३ च्या अहवालानुसार देशात १० कोटींवर मधुमेही आहेत. घरोघरी संवाद असा:

“आप्पा, पाणी फार कढत नाही ना?”

“छे गं, काही कळतसुद्धा नाही!”

आप्पा, कळत नाही हीच तर तक्रार आहे. मधुमेहानं संवेदना गेलेला पाय पोळला तरी बोलत नाही. म्हणूनच मधुमेहींनी पाय भिजत ठेवू नयेत, असं डॉक्टर सांगतात. पण डॉक्टर फी घेतात, मावसभाऊ फुकट सांगतो.

व्हिनेगरची खरी कर्तबगारी मुंबईनंच पाहिली आहे. टाटा मेमोरियलनं १९९८ पासून झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांना घेऊन एक चाचणी केली. त्यातल्या अर्ध्या जणींची दर दोन वर्षांनी तपासणी व्हायची. प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य सेविका गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावत; संशयास्पद भाग पांढरा पडला की बाईला पुढच्या तपासणीला पाठवत. त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

तिथे या आम्लानं बायकांना डॉक्टरपर्यंत पोचवलं. आपण तेच डॉक्टर टाळायला वापरतो. फी वाचते म्हणे. जखम चिघळली की तीच व्याजासकट भरतो, आणि वर पावती मागतो मेडिक्लेमसाठी.