लग्न लागलं, चला घरी

तिकिटावर ‘पीजी’ असं छापलं होतं. पॅरेंटल गायडन्स, म्हणजे मोठ्यांनी मार्गदर्शन करावं. मी हे निमंत्रण समजलो आणि तिथेच घोटाळा झाला.

2014 चा डिसेंबर. आम्ही दोघं न्यू जर्सीत, एडिसनला मुलाकडे गेलो होतो. नाताळच्या दुसऱ्या दिवशी सूनबाईंना आणि आमच्या हिला दुकानांतून काही वस्तू बदलून आणायच्या होत्या. घरात नात आणि तिच्या तीन मैत्रिणी, सगळ्या सात-आठ वर्षांच्या, सोफ्यावरून गालिच्यावर उड्या मारत होत्या. “बाबा, तुम्ही यांना सिनेमाला न्याल का?” असं सूनबाईंनी विचारलं, तेव्हा मी आधीच मफलर गुंडाळला होता.

सिनेमा होता ‘इंटू द वूड्स’. डिस्नीचा, आदल्याच दिवशी लागलेला. त्यात सिंड्रेला, लाल टोपीवाली, रपुंझेल आणि घेवड्याच्या वेलावर चढणारा जॅक असे सगळे एकाच जंगलात येतात. या चारही गोष्टी मी नातीला ठाण्याहून व्हिडिओ कॉलवर आवाज बदलबदलून सांगितलेल्या. शिवाय सिनेमा संगीतमय. आयुष्यभर संगीत नाटकं पाहिलेल्या, ‘सौभद्र’ किती वेळा पाहिलं याचा हिशेब सोडून दिलेल्या माणसाला अजून काय हवं?

पहिलं गाणं सुरू झालं आणि मी समेची वाट पाहू लागलो. दहा मिनिटं उलटून गेली तरी सम येईना. एक बेकरीवाला आणि त्याची बायको मूल नाही म्हणून गात होते, सिंड्रेला उत्सवाला जायचं म्हणून, जॅकची आई गाय विकायची म्हणून. मग मेरील स्ट्रीप चेटकीण होऊन दार उडवून आत आली आणि तीही गाऊ लागली. सगळे एकमेकांचं वाक्य तोडून, भाजी बाजारात भाव केल्यासारखे गात होते. चेटकिणीचा शाप उतरवायला बेकरीवाल्याने तीन दिवसांत पांढरी गाय, लाल झगा, पिवळे केस आणि सोन्याचा बूट आणायचा, एवढं मला कळलं. तेही बूट ऐकून कान टवकारल्यामुळे.

“सोन्याचा नाही, काचेचा असतो,” मी मुलींना मार्गदर्शन केलं. पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून पाहिलं. मी त्यांनाही सांगितलं. (काचेचा बूट शार्ल पेरोच्या 1697 च्या पुस्तकातला, ग्रिम बंधूंच्या गोष्टीत तो सोन्याचाच आहे आणि हा सिनेमा ग्रिमच्या वाटेने जातो, हे मला नंतर कळलं. त्या बाईंना बहुधा आधीच माहीत असावं.)

ग्रिमची वाट काय असते ते लवकरच समजलं. बूट बसावा म्हणून सावत्र आईने एका मुलीचा अंगठा कापला, दुसरीची टाच. मी झडप घातली, पण मुलींचे डोळे आठ आणि माझे हात दोन. त्यातही उजव्या हाताला पॉपकॉर्नचं लोणी होतं. ज्या मुलीचे डोळे मी झाकले तिला उरलेला सिनेमा धूसर दिसला.

एक प्रसंग मात्र मला मनापासून आवडला. दोन राजपुत्र धबधब्यात उभे राहून, छातीवरचे सदरे टराटरा फाडत, आपापलं विरहदुःख दुसऱ्यापेक्षा किती मोठं आहे याची गाण्यातून चढाओढ करतात. ख्रिस पाइनने इतक्या गंभीर चेहऱ्याने इतका पोकळ राजपुत्र उभा केलाय की मी स्वतःला विसरलो. गाणं संपताच माझ्या तोंडून सवयीने, ठाण्याच्या रंगायतन नाट्यगृहाच्या बाल्कनीतून निघावा तसा खणखणीत, “वन्स मोअर!” निघून गेला.

सबंध थिएटर वळलं. नात सीटवरून खाली घसरली.

तेव्हापासून मी गप्प बसलो आणि मध्यंतराची वाट पाहू लागलो. एका मैत्रिणीला केव्हाची सू लागली होती. “मध्यंतरात जाऊ, बेटा,” म्हणून मीच तिला थोपवून धरलं होतं. सव्वा तास झाला. गाय मिळाली, केस मिळाले, शाप उतरला, चेटकीण तरुण झाली, बेकरीवाल्याच्या बायकोला बाळ झालं, राजवाड्याबाहेर सिंड्रेलाचं लग्न लागलं. मी समाधानाने हुश्श केलं. मध्यंतर का नव्हतं तेही उमगलं. सिनेमाच लहान होता.

“चला, संपलं. कोट घाला.”

“आबा, अजून संपलं नाहीये,” नात म्हणाली.

“लग्न लागलं की गोष्ट संपते.” लग्नाला एक्केचाळीस वर्षं झालेला माणूस हे बोलत होता.

अंधारात चार कोटांच्या चेनी लावणं, आठ हातमोजे शोधणं आणि प्रत्येकाच्या पायावर पाय देत रांगेबाहेर पडणं, यात मुलींची तक्रार बुडून गेली. दार ढकलताना मागून जमीन हादरल्यासारखा धडाम आवाज आला. शेजारच्या पडद्यावर ‘हॉबिट’चं शेवटचं युद्ध चालू होतं; भिंती पातळ असणार, असं मी मुलींना समजावलं.

मग बाहेर पॉपकॉर्नच्या वासात आम्ही जवळजवळ तासभर बसून राहिलो. सूनबाई आल्या. “इतक्यात सुटला?” मी अमेरिकन लोकांच्या आटोपशीरपणाचं कौतुक केलं.

एकतीस डिसेंबरला एका मराठी घरी पॉटलक होतं. साबुदाणा वड्यांच्या टेबलाभोवती हाच विषय निघाला, कारण निम्म्या मंडळींनी मुलांना याच सिनेमाला नेलं होतं. एका गृहस्थांचा राग असा, की जाहिरातीत कोणी गाताना दिसलं नाही, मग तिकीट काढल्यावर सगळे का गातात? दातांच्या डॉक्टर असलेल्या एक बाई गाणं शिकलेल्या. त्या म्हणाल्या, घरी येऊन गुणगुणावी अशी एकही चाल नाही, नुसते शब्दच शब्द. दुसऱ्या बाईंना एमिली ब्लंट आवडली होती. मुलासाठी झुरणारी बायको रंगवताना ती खरोखरच गरोदर होती, ही बातमीही त्यांच्याकडे होती. जॉनी डेपचा लांडगा पोस्टरवर मोठा आणि पडद्यावर जेमतेम एका गाण्यापुरता, यावर मात्र सर्वांचं एकमत झालं.

“पण शेवट काय गोड केलाय!” मी म्हणालो.

टेबल शांत झालं.

“गोड?” डॉक्टरबाई म्हणाल्या. “काका, बेकरीवाल्याची बायको मरते की.”

“छे! बाळ घेऊन सुखात आहे ती.”

“कड्यावरून पडते. जॅकची आई मरते. राक्षसीण अर्धं गाव तुडवते.”

या सिनेमात राक्षसीण नाही, हे मी ठामपणे सांगितलं. त्या ऐकेनात. मी आवाज चढवला. शेवटी, थिएटरमध्ये गरम असतं, माणसाचा डोळा लागतो, मग स्वप्नात काहीबाही दिसतं, असं मी त्या बाईंना अत्यंत सहानुभूतीने म्हणालो.

“आम्ही लग्न झाल्यावर घरी आलो,” वडा खाता खाता नात म्हणाली. “आबांनी सांगितलं, संपलं.”

त्यानंतरचं हसणं मी सांगत नाही. मला वाचवायला पुढे आला तो यजमानांचा सोळा वर्षांचा मुलगा, पण त्याच्या वाचवण्यानेच मी अधिक बुडालो. ‘इंटू द वूड्स’ मुळात ब्रॉडवेचं नाटक, 5 नोव्हेंबर 1987 ला सुरू झालेलं. गीत-संगीत स्टीव्हन सॉन्डहाइमचं, संहिता जेम्स लपाइनची. नाटकात पहिला अंक असाच गोडीगुलाबीत संपतो आणि तिथे मध्यंतर होतं. दुसऱ्या अंकात सगळ्यांना आपापल्या इच्छांची किंमत मोजावी लागते. नाटकात तर रपुंझेलही मरते. सिनेमाने तिला जिवंत सोडलं, यावर या मुलाचा राग होता. शाळांसाठी मात्र एक वेगळी आवृत्ती मिळते, तिच्यात दुसरा अंकच नाही. पाचवीत असताना तो स्वतः त्यात जॅक झाला होता.

“म्हणजे मध्यंतर होतं!” मी ओरडलो. “ते गाळणाऱ्यांचं चुकलं!”

“हो काका. तुम्ही ज्युनिअर व्हर्जन पाहिलंत.”

जानेवारीत एका दुपारी मी एकटाच पुन्हा गेलो. ज्येष्ठ नागरिकाचं तिकीट काढलं, सव्वा तास तोंडावर हात ठेवून बसलो. लग्न लागलं, जमीन हादरली, आणि मी ‘हॉबिट’ची मनोमन माफी मागितली.

दुसरा भाग अंधारा आहे, मधे थोडा रेंगाळतोही. पण राक्षसिणीची तक्रार मला रास्त वाटली. जॅकने तिचं सोनं नेलं, कोंबडी नेली, गाणारी वीणा नेली आणि वर तिचा नवरा मारला. तेहतीस वर्षं बँकेत काढलेला मी ही गोष्ट नातीला ‘शूर जॅक’ म्हणून सांगत होतो आणि शेवटी टाळ्या वाजवून घेत होतो! राजपुत्र सिंड्रेलाशी लग्न करून चार दिवस व्हायच्या आत बेकरीवाल्याच्या बायकोला जंगलात गाठतो, आणि काही क्षणांतच ती बिचारी कड्यावरून जाते. तिच्यासाठी कोणी लांबलचक करुण पद म्हणत नाही. ती नुसती नाहीशी होते. बेकरीवाला रडतं बाळ हातात घेऊन उभा राहतो, त्याला कसं धरायचं हेही त्याला नीट माहीत नसतं. डॉक्टरबाईंची तक्रार मला तिथे पटेनाशी झाली. गुणगुणता येत नाही हे खरं. पण घरी पोचेपर्यंत बसमध्ये माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. श्रेयनामावली संपून दिवे लागले आणि झाडू घेतलेला पोरगा येऊन उभा राहिला, तेव्हाच मी उठलो.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. “लग्नानंतर काय होतं ते बघायला बारा डॉलर घातलेस?” एवढंच ती म्हणाली.

डॉक्टरबाईंना फोन करून माफी मागितली. त्यांनी मोठ्या मनाने माफ केलं आणि आपण मधे पाचेक मिनिटं खरंच झोपलो होतो, हेही कबूल केलं.

नात आता हायस्कूलच्या शेवटाला आली आहे. मी काही सांगायला बसलो की ती आधी विचारते, “आबा, पूर्ण की ज्युनिअर?”