पडक्या मॅनरचा कारभारी

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा काल्पनिक पात्रं वठवायचा खेळ खेळायला बसलेल्या कुठल्याही पाच-सहा जणांत एक कारभारी असतो. सुरुवातीला तो ओळखू येत नाही. त्याच्याही पात्राच्या कमरेला तलवार असते, वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले की तोही ओरडतो. पण कथेच्या ओघात कधीतरी डन्जन मास्टर, म्हणजे ती कथा चालवणारा गडी, या मंडळींना बक्षीस म्हणून एक ओसाड मॅनर, म्हणजे वाडा आणि त्याची जमीन, देऊन टाकतो. वाड्याचं छप्पर गळतंय, कुळं परागंदा झाली आहेत, शेतात काटेरी झुडपं माजली आहेत आणि तळघरात काहीतरी हलतंय. तळघर म्हटल्यावर बाकीच्यांचे कान टवकारतात. कारभाऱ्याचे छपराशीच टवकारलेले असतात. ‘किती खोल्या गळतात?’ हा त्याचा पहिला प्रश्न आणि ‘कुळं गेली ती बाकी फेडून की बुडवून?’ हा दुसरा. डन्जन मास्टरने रात्री जागून रचलेली खलनायकाची वंशावळ त्या क्षणी अडगळीत गेली असं समजावं. पुढच्या सेशनला हा गृहस्थ लॅपटॉप घेऊन येतो. त्यात एक्सेलची फाईल असते, फाईलमध्ये तीन शीट असतात आणि तिसऱ्या शीटचं नाव ‘खत’ असतं.

त्याची टवाळी करणं सोपं आहे आणि ती सर्वत्र मनसोक्त होते. आकाशात ड्रॅगन घिरट्या घालत असताना जो शेणखताच्या गाड्या मोजतो त्याला कल्पनाशक्ती नावाची गोष्टच नाही, असं सोबत्यांचं ठाम मत असतं. माझं मत नेमकं उलट आहे. त्या काल्पनिक जगावर मनापासून विश्वास ठेवणारा टेबलावर तो एकटाच असतो. इतरांच्या लेखी गाव म्हणजे दोन मारामाऱ्यांमधला मुक्काम. त्यांनी पाठ फिरवली की तिथला खानावळवाला विरून जातो आणि पुन्हा भूक लागली की उगवतो. कारभाऱ्याच्या लेखी तो माणूस मधल्या काळातही जिवंत असतो. तो रोज पहाटे चूल पेटवतो, चुलीला सरपण लागतं, सरपण कुणाच्या तरी रानातून येतं, आणि ते रान आपलं असेल तर त्याने विचारलं होतं का, इथपर्यंत कारभारी आपोआप पोचतो. अख्खं जग डोक्यात उभं करायला याहून जास्त कल्पनाशक्ती काय लागते, ते टवाळखोरांनी एकदा सांगावं.

खेळाचा इतिहासही त्याच्याच बाजूने साक्ष देतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपाने बाहेर पडला. तिसऱ्या पुस्तिकेत किल्ल्याच्या बुरुजांचे आणि भिंतींचे दर दिले आहेत, लोहार, पंडित, किमयागार आणि जहाजाचा कप्तान पदरी ठेवायला किती खर्च येईल ते दिलं आहे, आणि जहागिरीतल्या दर माणशी वर्षाला १० सोन्याची नाणी महसूल धरावा असंही सांगितलं आहे. पुढे १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये नवव्या पातळीचा लढवय्या ‘लॉर्ड’ होतो, गढी बांधतो आणि मुलुखातल्या प्रत्येक रहिवाशामागे दरमहा ७ चांदीची नाणी वसूल करतो. म्हणजे भुयारांत शिरून राक्षस मारणं ही उमेदवारी होती. कायम नेमणूक महसूल खात्यातच होती. याहून बोलका दाखला खुद्द आर्नसनच्या ब्लॅकमूरचा आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मिनेसोटात तो जे खेळवत होता त्यात खेळाडूंवर एका सरंजामाच्या रक्षणाची जबाबदारी होती. मंडळींना किल्ल्याखालच्या भुयारांची चटक लागली. ते खाली खजिना हुडकत राहिले, वर शत्रूने किल्ला घेतला आणि वीरांना हद्दपार व्हावं लागलं. या छंदाच्या इतिहासातली पहिली मोठी नामुष्की घरच्या कारभाराकडे दुर्लक्ष केल्यामुळे झाली आहे, हे कारभारी कधी विसरत नाही आणि इतरांना विसरू देत नाही.

त्याचं रोजचं वागणं पाहिलं तर विश्वासाचा मुद्दा आणखी पक्का होतो. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत जखमा भरून काढणारी साधी कुपी ५० सोन्याच्या नाण्यांना मिळते. बिनकसबी मजुराची रोजंदारी २ चांदीची नाणी आहे आणि दहा चांदीची मिळून एक सोन्याचं होतं. एक कुपी म्हणजे बरोबर २५० दिवसांची मजुरी. दोन्ही आकडे सगळ्यांसमोर छापलेले आहेत, पण भागाकार करतो तो एकटा कारभारी. मग एका चकमकीत तीन कुप्या रिचवणाऱ्या योद्ध्याकडे तो अशा नजरेने बघतो की औषध लागू पडू नये. मंत्रांचंही तेच. ‘मेंडिंग’ हा किरकोळ मंत्र मिनिटाभरात फूटभराची भेग सांधतो. आगीचे गोळे फेकायच्या हौसेने खेळात आलेल्या जादूगाराला कारभारी शिडीवर चढवतो आणि पूर्वेच्या भिंतीपासून सुरुवात कर म्हणतो. ‘प्लँट ग्रोथ’ हा मंत्र लोक शत्रूच्या पायांत झाडोरा गुंतवायला वापरतात. कारभाऱ्याने त्याचा दुसरा उपयोगही वाचलेला असतो: आठ तास खर्ची घातले तर अर्ध्या मैलाच्या त्रिज्येत वर्षभर दुप्पट पीक. त्रिज्येवरून क्षेत्रफळ सुमारे ५०० एकर हे त्याने बसल्या जागी काढलेलं असतं. आता हा मंत्र टाकणाऱ्या ड्रुइडला दर मार्गशीर्षात वेळ आहे का, एवढंच विचारायचं बाकी असतं. (त्या जगात मार्गशीर्ष नसतो, पण कारभाऱ्याचं पंचांग पक्कं असतं.)

डन्जन मास्टर लोक त्याच्या वाटेत काटे पेरतात ते सहसा फुकट जातात. २०१८ च्या ‘वॉटरडीप: ड्रॅगन हाइस्ट’ या साहसकथेत व्होलो नावाचा लेखक आपल्या मित्राला सोडवण्याबद्दल रोकड कबूल करतो आणि ऐन वेळी हातात टेकवतो ट्रोलस्कल मॅनर या बंद पडलेल्या मद्यालयाची सनद. इमारतीची दैना झालेली आहे, आत जुन्या मद्यालयवाल्याचं भूत आहे, शेजारचा प्रतिस्पर्धी वाईटावर टपलेला आहे, आणि दुरुस्तीला हात घालायचा तर शहरातल्या निरनिराळ्या कारागीर संघांचे लोक दारात उभे राहतात. बाकीच्यांना ही फसवणूक वाटते. कारभाऱ्याला घबाड सापडलेलं असतं. सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभा चालवलेल्या मानद सचिवाच्या थंडपणाने तो संघांना एकेक करून बसवून घेतो. भुताला तो घालवत नाही, कामावर ठेवतो. पगार मागत नाही, जेवत नाही, रात्रपाळीला तक्रार नाही आणि जागेची माहिती दांडगी. असा नोकर जिवंतांत मिळत नाही.

त्याचं वाचनही याच वळणाचं. इतर लोक राक्षसांची पुस्तकं चाळतात तेव्हा तो इंग्लंडच्या तेराव्या शतकात पोचलेला असतो. तिथे शेतीवर लिहिणारा वॉल्टर ऑफ हेन्ली त्याला सांगतो की पेरलेल्या बियाण्याच्या तिप्पटच धान्य आलं आणि भावही चांगला नसला तर पदरात काही पडत नाही, आणि बियाणं दुसऱ्या जमिनीतलं आणावं. लिंकनचे बिशप रॉबर्ट ग्रॉसटेस्ट यांनी लिंकनच्या काउंटेससाठी लिहिलेले घर आणि जमीन सांभाळायचे नियम त्याला असेच मिळतात. त्याहून मागे गेलं तर १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवलेल्या जमिनींच्या पाहणीत, एकेका मॅनरची किंमत दोनदा लिहिलेली असते, एडवर्ड राजाच्या वेळची आणि आताची. यॉर्कशायरमध्ये तर पानोपानी ‘ओसाड’ हा शेरा, कारण १०६९-७० च्या हिवाळ्यात विल्यम राजाच्या सैन्याने तो मुलूख जाळला होता. हे वाचल्यावर कारभाऱ्याला जे उमगतं ते डन्जन मास्टरलाही बहुधा सुचलेलं नसतं: मॅनर आपोआप ओसाड होत नाही, त्यामागे कुणीतरी असतं. मग तो कधी नव्हे ते तलवार काढतो आणि मागच्या मालकाला शोधत निघतो. वंशावळ रचणारा डन्जन मास्टर इथे सुखावतो. खलनायकाकडे चौकशी निघाली ती थकीत महसुलाची असली तरी निघाली तर खरी.

यावर पहिला आक्षेप असा येतो की दिवसभर कचेरीत जमाखर्च करायचा आणि शनिवारी रात्री विरंगुळा म्हणून पुन्हा तोच, हा रोग आहे. मला त्यात रोग दिसत नाही. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’प्रमाणे मॅनरसह सरदारी मालमत्ता उभारायला २५,००० सोन्याची नाणी आणि १५० दिवस लागतात, ती चालवायला दिवसाला १० नाणी आणि १८ माणसं. पैसे मोजले की दीडशेव्या दिवशी घर उभं. कुठल्या कचेरीत फाईल असा शब्द पाळते? दुसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे. बार्ली पेरावी की राय, याचा विचार तो चाळीस मिनिटं मोठ्याने करतो आणि तेवढ्या वेळात चोर, पुजारी आणि जादूगार मोबाइल काढून बसतात. यावर तोडही जुनी आहे. ग्रेग स्टॅफर्डच्या १९८५ च्या ‘पेंड्रॅगन’ या खेळात साहसं झाली की हिवाळा येतो आणि त्यात सरदाराचं पीक, घोडे, लग्न, मुलंबाळं यांचे फासे झटपट टाकले जातात. डन्जन्स अँड ड्रॅगन्सनेही २०२४ मध्ये पाचव्या पातळीपासून ‘बॅस्टियन’ची, म्हणजे पात्राच्या स्वतःच्या ठाण्याची, सोय केली, दर सात दिवसांनी एक खेळी. पण तिथे नोकरांचे पगार बॅस्टियनच्या उत्पन्नातून परस्पर भागतात असं धरलं आहे. ‘कुठलं उत्पन्न?’ असं विचारून कारभाऱ्याने ते पान मिटलं.

खरा बोचणारा आक्षेप तिसरा. हा सगळा प्रकार जमीनदारीचा लाड नव्हे काय? इंग्लंडच्या मॅनरमधलं बांधील कूळ आठवड्यातले ठरावीक दिवस मालकाच्या शेतात राबत असे, मुलीच्या लग्नासाठी मालकाला पैसे भरत असे आणि ते कूळ मेलं की गोठ्यातलं उत्तम जनावर मालक ओढून नेत असे. आपला कारभारी सुधारकी वळणाचा. लग्नावरची पट्टी तो वाचता क्षणी रद्द करतो, जनावर नेण्याची चाल ऐकून त्याला किळस येते, पण वेठीच्या दिवसांपाशी त्याचा हात अडखळतो, कारण तो रकाना काढला की नांगरणीचं गणित कोसळतं. उदारमतवादाची अशी परीक्षा निवडणुकीतही होत नाही. त्याचा दयाळूपणा मालकाचा दयाळूपणा आहे, सारा माफ करताना त्याला आपलंच कौतुक वाटतं आणि गावकऱ्यांचं मत घ्यावं हे त्याला उशिरा सुचतं, हे सगळं खरं. तरी दोन गोष्टी त्याच्या बाजूने सांगाव्या लागतात. एक म्हणजे त्याच गावावर इतर खेळाडू आगीचा गोळा टाकून पुढे जातात आणि त्यांना कुणी सरंजामशहा म्हणत नाही. दुसरी अशी की अन्याय त्याला दिसला तो मोजदाद केली म्हणूनच. इंग्लंडमध्ये १३४८-४९ च्या प्लेगनंतर मजूर कमी झाले, मजुरी वाढली, आणि १३५१ मध्ये कायदा करून ती जुन्या दरावर दाबायचा प्रयत्न झाला. १३८१ च्या बंडात शेतकऱ्यांनी ठिकठिकाणी मॅनरची दप्तरं जाळली. ही हकीकत वाचून कारभारी दोन दिवस गप्प होता असं म्हणतात. नंतर त्याने मजुरी वाढवली आणि दप्तराची एक प्रत दुसऱ्या गावी ठेवली. १९७४ च्या त्याच तिसऱ्या पुस्तिकेत ‘संतप्त गावकरी’ असा एक नियम आहे, उद्दाम खेळाडूला वठणीवर आणण्यासाठी. तो त्याने ठळक करून वहीच्या पहिल्या पानावर लावला आहे.

उरला डन्जन मास्टर. कंटाळलेल्या डन्जन मास्टरच्या हातात शेवटचं अस्त्र असतं ते म्हणजे मॅनर जाळून टाकणं. रात्री ड्रॅगन येतो, छप्पर पेटतं, कोठार पेटतं, तिसऱ्या शीटमधलं सगळं खत पेटतं. आता तरी हा माणूस घर सोडून साहसाला निघेल, अशी आशा असते. हे अस्त्र मी कुणालाही सुचवणार नाही. सूड, आक्रोश, शपथ यांतलं काहीही पदरी पडत नाही. कारभारी आधी गावातली माणसं मोजतो, सगळी सुखरूप आहेत हे दोनदा विचारून घेतो, मग वहीचं कोरं पान काढतो आणि डन्जन मास्टरला विचारतो की ड्रॅगनने नेमका किती वेळ आग ओकली, कारण तुळया ओकच्या होत्या, आणि ओक वरून कोळसा झाला तरी आतून पुष्कळदा शाबूत असतो.