कोन्त्या सालचं?

पुस्तक हातात आलं की माणसं मुखपृष्ठ पाहतात, किंमत पाहतात, फार तर मलपृष्ठ वाचतात. खामगावचे कंट्रोलरभाऊ थेट प्रकाशकाचा पत्ता आणि मुद्रकाचं नाव असतं त्या बारीक अक्षरांच्या पानावर जातात. चष्मा कपाळावर सरकवून, पुस्तक नाकाशी धरून साल शोधतात. साल सापडलं नाही तर पुस्तक परत, वर शेरा: "बिनटाइमाची गाडी आपन सोडत नसतो."

भाऊ एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. "मेहकर कवा?" "जालना गेली का?" याची उत्तरं देण्यात हयात गेली. भिंतीवरचं जुनं वेळापत्रक वाचून, कधीच बंद झालेल्या गाडीची वाट पाहत बसलेले प्रवासी त्यांनी पाहिले, आणि त्यांच्या शिव्याही खाल्ल्या. तेव्हापासून छापील अक्षरावर त्यांची श्रद्धा आहे, पण तारखेसकट. निवृत्तीनंतर एक तांबूस गावठी पिल्लू दारात येऊन बसलं. रंगावरून त्याचं नाव लालपरी पडलं आणि भाऊंचा पुस्तकशोध सुरू झाला.

ही जात तुमच्याही ओळखीची असेल. गोळ्यांच्या खोक्यातला घडीचा कागद उलगडून भिंगाखाली वाचणारी, मिक्सर लावण्याआधी त्याची पुस्तिका पाठ करणारी. मिक्सरला पुस्तिका मिळते आणि कुत्र्याला मिळत नाही, ही भाऊंची मूळ तक्रार.

पहिला छापा त्यांनी गावातल्या वाचनालयावर घातला. ड्युईच्या दशांश वर्गीकरणात पाळीव जनावरांचा आकडा ६३६, कुत्री ६३६.७, मांजरी ६३६.८. हे भाऊंनी आधीच माहीत करून घेतलं होतं. त्या फळीवर शेळीपालन होतं, कुक्कुटपालन होतं, मुक्त गोठा होता. कुत्र्याचा पत्ता नव्हता. आपल्याकडे जे दूध किंवा अंडं देतं त्याच्यावर पुस्तक निघतं, नुसती शेपटी हलवणाऱ्यावर कोण कागद खर्च करणार! ग्रंथपालांनी बराच विचार करून विलास मनोहरांचं 'नेगल' काढून दिलं. भाऊंनी रात्र जागून वाचलं, डोळे पुसले आणि सकाळी परत केलं. "पुस्तक एक नंबर हाय जी. पन बिबट्याचं हाय. आमची लालपरी अजून त्या गिअरमंधी नाई आली."

मग बुलढाण्याचा ग्रंथोत्सव. तिथं एका दुकानात कुत्रा पाळण्यावरचं चकचकीत पुस्तक सापडलं.

"एकदम नवं आहे काका, कालच आलंय."

"आलं कवा ते नाई इचारलं. लिवलं कवा?"

विक्रेत्यानं 'पाचवी आवृत्ती' दाखवली. भाऊंनी खालची ओळ दाखवली: पुनर्मुद्रण. "म्हंजे पत्रा नवा, इंजिन तेच." मग त्यांनी आयएसबीएनचे आकडे बोटानं मोजले. १ जानेवारी २००७पासून हा क्रमांक तेरा आकडी झाला. नुसता दहा आकडी असला तर पुस्तक त्याआधीचं समजावं. इथं दहाच भरले. तरी संधी म्हणून भाऊंनी आहाराचं पान उघडलं आणि मनुका शोधल्या. नव्हत्या. पुस्तक मिटलं.

मनुका ही भाऊंची चाचणी परीक्षा. द्राक्षं आणि मनुका खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे पशुवैद्यकांच्या ध्यानात आलं तेच २०००च्या आसपास. त्याआधीचा लेखक कितीही विद्वान असो, त्याला ते ठाऊक असणं शक्य नव्हतं. २०२१पासून संशय टार्टारिक आम्लावर आहे, आणि ते चिंचेतही भरपूर असतं. हे कळलं आणि भाऊंच्या घरी चिंचेची बरणी वरच्या फळीवर गेली. काकूंचा हात तिथं पोचत नाही. काकू म्हणतात, "माह्या गुडघ्यावरचं एखांदं पुस्तक पाहा ना. नवं-जुनं कोन्तंबी चालते."

दुसरी परीक्षा पॅरासिटामॉलची. तापाची ही साधी गोळी मांजरीचा जीव घेते. मांजरांवरच्या पुस्तकात हा इशारा नसेल, तर भाऊंच्या लेखी ते पुस्तक रद्दीच्या भावाचं. शेजारच्या वहिनींनी शिंकणाऱ्या मांजरीसाठी अर्धी गोळी दुधात कालवली, तेव्हा भाऊ चप्पल न घालता धावले होते. वहिनी रागावल्या. "आमच्या आज्यानं जनमभर कुत्रे-मांजरं पाळले, एक पुस्तक नाई पाह्यलं."

"अन् जगले किती?"

वहिनींनी आठवून पाहिलं. "पाळले मात्र लय होते जी."

पशुवैद्यकीय दवाखान्यातलं त्यांचं आगमन मी स्वतः पाहिलं आहे. डॉक्टरांचा डावा हात खांद्यापर्यंत गाईच्या पोटात होता. भाऊंनी वही उघडून विचारलं, "साहेब, तुमी कोन्त्या सालचं पुस्तक वापरता?" डॉक्टर म्हणाले, "भाऊ, हात तर मोकळा होऊ द्या." हात मोकळा झाला, साबणानं धुऊन झाला, आणि त्या भल्या माणसानं मोबाइलवर उत्तर दाखवलं: छोट्या प्राण्यांच्या पशुवैद्यकांची जी जागतिक संघटना आहे, तिची लसीकरणाची २०२४ची मार्गदर्शिका. इंग्रजीत, पण फुकट. भाऊंनी झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतली, स्पायरल मारली, आणि सुनेला वाचायला बसवलं.

चारच दिवसांत दवाखान्यात परत. "साहेब, हे म्हंते मोठ्या कुत्र्याले तीन वर्सानं, अन् तुमी म्हंता दरसाल." डॉक्टरांनी शांतपणे उलगडलं: डिस्टेंपर आणि पार्वोची लस, पिल्लूपणाचे डोस नीट झाले असतील तर, तीन वर्षांच्या आत पुन्हा लागत नाही, लेप्टोची दरवर्षी लागते, रेबीजची त्या लसीच्या वेष्टनावर आणि गावच्या परिस्थितीवर ठरते, आणि आपल्या गल्ल्यांची परिस्थिती पाहता मी दरवर्षीच देतो. भाऊंनी सगळं लिहून घेतलं, खाली तारीख टाकली आणि डॉक्टरांची सही मागितली. सही मिळाली. रांगेत मागे दोन बैलजोड्या होत्या, हेही सांगायला हवं.

माणूस तापदायक आहे, वाद नाही. पण गल्लीतल्या कुत्र्यानं एका पोट्ट्याची पोटरी फोडली, तेव्हा कोणी तिखट आणायला धावलं, कोणी चुना. भाऊंनी पोराला नळाखाली बसवलं, साबण लावला आणि मनगटावरचं घड्याळ समोर धरलं. पंधरा मिनिटं. दहाव्या मिनिटाला आई म्हणाली, झालं आता. "पाच मिन्टं बाकी हायेत बाई, गाडी टाइमावरच सुटन." बरोबर पंधराव्या मिनिटाला पोरगं सरकारी दवाखान्याकडे रवाना झालं. पोटातल्या चौदा इंजेक्शनांच्या भीतीनं ते वाटभर रडत होतं. भाऊ मागून ओरडले, "ते जुन्या पुस्तकात राजा! आता दंडात देतेत, अन् चार-पाचच!"

लालपरी आता तीन वर्षांची आहे. दुधात कुस्करलेली भाकर, कधी अंडं, उकडलेला भोपळा. दुधाबद्दल एका पुस्तकात होकार आणि दुसऱ्यात नकार असल्यानं ते प्रकरण भाऊंनी तूर्त प्रलंबित ठेवलं आहे. लालपरीनं ते स्वतःपुरतं निकालात काढलेलं दिसतं.

तर वाचकहो, पशुवैद्यकानं लिहिलेलं, २०२४नंतरचं, मनुका आणि पॅरासिटामॉल दोन्ही असलेलं मराठी पुस्तक तुमच्या पाहण्यात आलं, तर खामगाव बसस्टँडवर उतरून कुणालाही कंट्रोलरभाऊंचं घर विचारा. टपालानं मात्र पाठवू नका. दारात पडलेलं पाकीट आधी लालपरी वाचते.