निर्गुडेकाठचे सुलभ पदभ्रमण मार्ग

ज्या शहराला नदी आणि इतिहास दोन्ही आहेत, त्या शहराभोवती पायी हिंडायच्या सोप्या वाटांची एक पुस्तिका असावी आणि ती मी लिहावी, असं माझं ठाम मत आहे. या मताचा उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा जास्त ठाम आहे. वणीत कमी काय आहे? निर्गुडा आहे. इतिहासाचं म्हणाल, तर १९०५ पर्यंत हा सबंध जिल्हाच वणीच्या नावाने ओळखला जायचा. कचेरी तेव्हाही यवतमाळलाच होती. म्हणजे नाव आमचं आणि कटकट त्यांची. मोठेपणाची याहून सोयीची व्यवस्था जगात नसेल. पण ती मोडली आणि नावही तिकडे गेलं. यवतमाळात गावामधून वाहणारी नदी नाही, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला आवर्जून सांगत आलो आहे. ‘तेव्हापासून’ म्हणताना माझा जन्म १९०५ नंतरचा आहे ही अडचण मी मानत नाही. गावाचा अभिमान बाळगायला माणूस त्या वेळी हजर असावाच लागतो असं नाही. लोकनायक बापूजी अणे १८८० साली वणीत जन्मले, त्याचंही श्रेय आम्ही सगळे थोडं थोडं घेतो.

तर मुद्दा असा की आमच्याकडची चालायला सर्वांत सोपी वाट नदीनाल्याच्या काठाने जाते, आणि शिकलासवरलेला फिरायला जाणारा माणूस नेमकी तेवढी सोडून बाकी सगळीकडे फिरतो. निर्गुडेकाठी वणी, पूस नदीकाठी पुसद, वाघाडीकाठी घाटंजी, अरुणावतीकाठी आर्णी, चक्रावतीकाठी कळंब. जिल्ह्यातली अर्धी गावं पाणी बघून बसली आणि बसल्यावर पाण्याकडे पाठ फिरवून मोकळी झाली. पाणी स्वतः चढ चढत नाही, म्हणून त्याच्या सोबतीने जाणाऱ्यालाही चढ लागत नाही. सोपेपणाची याहून साधी कसोटी मला माहीत नाही. कळंबला तर देवानेही हे मान्य केलेलं दिसतं. इतर देव भक्ताला डोंगर चढवतात. चिंतामणी पायऱ्या उतरून खाली बोलावतो, आणि बारा वर्षांनी कुंडातलं पाणी चढून त्याच्या पायांपर्यंत येतं अशी श्रद्धा आहे. इतकं सगळं असताना आम्ही पहाटे जातो कुठे? शाळेच्या मैदानावर गोल गोल, नाहीतर बायपासवर. वणीच्या बाजूला बायपास म्हणजे कोळशाचे ट्रक. पांढरेशुभ्र बूट घालून, दीर्घ श्वास घेत, ट्रकमागून उडणारी काळी भुकटी छातीत भरून घ्यायची आणि घरी येऊन मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजायची, याला आम्ही आरोग्य म्हणतो.

हे माझं एकट्याचं मत असतं तर ते मी इतक्या जोरात मांडलं नसतं (मांडलं असतं, पण छापायला दिलं नसतं). याला तज्ज्ञाचा दाखला आहे, आणि तज्ज्ञ आपल्याच जिल्ह्यातला, टिपेश्वरचा आहे. २०१६च्या अखेरीस टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका वाघाला फेब्रुवारी २०१९मध्ये रेडिओ कॉलर लावली. कागदोपत्री तो टी१-सी१. पुढे त्याचं ‘वॉकर’ हेच नाव पडलं. जूनमध्ये साहेब निघाले. तेलंगणात जाऊन आले, जिल्ह्यामागून जिल्हे तुडवले आणि डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचले. पुढची भटकंती धरून नऊ महिन्यांत ३,००० किलोमीटरच्या वर चाल झाली. गळ्यातली कॉलर तासातासाला ठिकाण कळवत होती, त्यामुळे हिशेबात थापा मारायला जागा नव्हती. आमच्या सकाळच्या मंडळात हा नियम आला, तर अर्धं मंडळ राजीनामा देईल. आता तो कुठून चालला ते बघा. नद्यांच्या आणि नाल्यांच्या काठांनी, शेतांमधून, नाइलाज झाला तेव्हा रस्त्याने. मैदानाला त्याने एकही फेरी मारल्याची नोंद नाही. दिवसा दडायला उंच वाढलेली कपाशी होती. कपाशीने ज्यांना आजवर हमीचा भाव दिला नाही, त्यांच्याच धुऱ्यावर त्या साली एकाला हमीचा आडोसा तरी मिळाला.

या वाघाबद्दल आणखी थोडं लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. त्याच्या चालण्यामागचे हेतू जाणकारांनी तीन सांगितले: भक्ष्य, हक्काची जागा आणि जोडीदारीण. आमच्या मंडळातल्या बहुतेकांची या तिन्ही बाबतीत सोय होऊन गेलेली असते. म्हणूनच बहुधा आम्हाला गोल फिरावं लागतं. दुसरी गोष्ट, इतकी चाल करूनही त्याने ती कोणाला सांगितली नाही. आम्ही दीड किलोमीटर चालतो आणि चहाच्या टपरीवर साडेतीन सांगतो. तिसरी गोष्ट जरा जिवाला लागणारी आहे. ज्ञानगंगेत त्याला २०५ चौरस किलोमीटर जागा मिळाली, खायलाही मिळालं. पण तिथे दुसरा वाघ नव्हता आणि वाघीणही नव्हती. चालल्याने सगळं काही मिळतं असं फलकावर लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. तरी वाट निवडण्यात तो चुकला असं कोणी म्हणू शकत नाही. ज्याला नकाशा नाही, बूट नाहीत आणि ‘लोक काय म्हणतील’ ही चिंता नाही, त्याने काठाची वाट धरली, एवढं मला पुरे आहे.

यावर पहिला आक्षेप येणार तो सरळ आहे: वाघ जातो ती वाट माणसाला सोपी म्हणून सांगता? आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. राळेगाव-पांढरकवड्याकडच्या गावांनी २०१८पर्यंत वाघिणीची जी दहशत सोसली, ती ज्याने सोसली त्यालाच ठाऊक. मी बोलतो आहे ते गावाच्या हद्दीतल्या, घरं दिसतील इतक्या अंतरावरच्या काठाबद्दल. दुसरा आक्षेप हवेचा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, हे खरं. पण तेव्हा बायपासवरही तोच पारा असतो आणि शिवाय डांबर असतं. पावसाळ्यात काळी माती चपलेला धरते, दर पावलाला एक थर चढतो, आणि दहा पावलांनी माणूस चपला पायात नाही तर हातात घेऊन चालत असतो, हेही कबूल. पण १० जुलै १९३० रोजी बापूजी अण्यांनी पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडला, तो महिना जुलैच होता आणि वय पन्नाशीला टेकलेलं होतं. पन्नाशीत घराबाहेर पडावं हे डॉक्टर आता सांगतात. त्या वेळी बाहेर पडणाऱ्याच्या पुढच्या मुक्कामाची सोय सरकार स्वतः करायचं. तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण खरा तोच आहे. बायपासवर चालणारा माणूस व्यायाम करताना दिसतो. साध्या चपला घालून नदीकडे निघालेल्या माणसाला आधी विचारतात, ‘काहून भाऊ, गाडी बिघडली काय?’ आणि तो पहाटे निघाला असेल तर विचारतसुद्धा नाहीत. गाव हागणदारीमुक्त झाल्याचा फलक लागला, तरी पहाटे नदीकडे जाणाऱ्याच्या हेतूबद्दल गावाची मतं अजून जुनीच आहेत.

या प्रतिष्ठेच्या गणितात एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते. या जिल्ह्यात सर्वांत जास्त कोण चालतं, तर निंदणाला आणि वेचणीला जाणाऱ्या बाया. डबा कापडात बांधायचा, उजाडायच्या आत पांदणीला लागायचं, पांदण संपली की नाल्याच्या कडेने, नंतर धुऱ्यावरून. शेतात पोचल्यावर कमरेला कापड बांधून तासामागून तास ओळीने पुढे सरकायचं. बोंडाच्या वाळलेल्या नख्या बोटं ओरबाडत राहतात, आणि संध्याकाळी काट्यावर मोजला जातो तो फक्त कापूस. चाल कोणी मोजत नाही. जाण्यायेण्याची वाट मजुरीत धरत नाहीत. आम्ही चालतो तो छंद, वाघ चालतो ती बातमी, आणि या बाया चालतात त्याला काही नाव द्यावं असं कोणाला वाटलेलं नाही. कोणती वाट कोणत्या महिन्यात सोपी, कुठे पाय रुततो, कुठल्या बाभळीखाली सावली टिकते आणि कुठल्या वळणावर साप दिसतो, हे सगळं त्यांना पाठ आहे. ते ज्ञान सोपेपणासाठी जमवलेलं नाही. अवघड दिवस त्यातल्या त्यात कमी अवघड करण्यासाठी जमवलेलं आहे. माझ्या विषयातला माझा अधिकार इथे संपतो, हे लिहिताना बरं वाटत नाही, पण युक्तिवाद तिकडेच जातो त्याला माझा इलाज नाही.

शेवटचा आक्षेप वासाचा. काठाने चालायला ना नाही, पण गावाचं सांडपाणी नदीत उतरतं त्याचं काय? माझं उत्तर असं की लोक कारण आणि परिणाम उलटे लावतात. नदी घाण आहे म्हणून प्रतिष्ठित लोक तिकडे फिरकत नाहीत, हे अर्धसत्य आहे. ते फिरकत नाहीत म्हणून ती घाण राहते, हा उरलेला अर्धा भाग. काठावर ज्यांची रोज ये-जा आहे, त्यांच्या नाकाला आमच्या लोकशाहीत वजन नाही. जो बायपासवर दिव्याचा खांब आणि बाक मागून घेतो, त्याच्याच नाकाला नदीवर नेलं पाहिजे. डॉक्टर, वकील, व्यापारी, माजी आणि भावी नगराध्यक्ष यांनी एक महिना सकाळची फेरी निर्गुडेच्या काठाने काढावी. पहिल्या आठवड्यात नाकाला रुमाल लागेल. दुसऱ्यात निवेदन निघेल, तिसऱ्यात शिष्टमंडळ जाईल, आणि चौथ्यात हे सगळं कोणामुळे झालं यावर भांडण जुंपेल. आपल्याकडे न झालेल्या कामाचंही श्रेय घेतात, हा आक्षेप मला मान्य आहे; पण श्रेयाचा फलक रोवायला तरी कोणाला ना कोणाला नदीपर्यंत चालत जावंच लागेल.